११० टक्के खात्रीने कसे बोलावे

लसीच्या सुरक्षिततेबद्दल जनतेशी बोलण्याची जबाबदारी आपल्यावर आली असेल, तर 'बहुधा', 'क्वचित', 'माहिती अजून यायची आहे' असे गुळमुळीत शब्द सर्वप्रथम वर्ज्य करावेत. ३ जानेवारी २०२१ रोजी कोविशील्ड आणि कोवॅक्सिन या कोविडवरील लसींना परवानगी देताना भारताच्या औषध महानियंत्रकांनी दोन्ही लसी ११० टक्के सुरक्षित असल्याचे सांगितले, तो आदर्श समोर असू द्यावा. शंभर टक्के म्हटले असते, तर एखाद्या शंकेखोराने पुरावा मागितला असता. त्यापुढच्या दहा टक्क्यांचा पुरावा मागण्याची सोयच राहत नाही. कोवॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीतून परिणामकारकतेचे आकडे अजून आलेले नव्हते आणि म्हणूनच ती घेणाऱ्याकडून संमतिपत्रावर सही घेतली जाणार होती, हा तपशील प्रश्नकर्त्याच्या देशभक्तीची चौकशी आटोपल्यावर वेळ उरल्यास सांगावा. दिल्लीतील राममनोहर लोहिया रुग्णालयाच्या निवासी डॉक्टरांनी लसीकरणाच्या पहिल्याच दिवशी 'आम्हाला कोविशील्ड द्या' असे पत्र लिहिले; तेव्हा डॉक्टरांनाही अडाणी ठरवण्याची मनाची तयारी ठेवावी. मार्चमध्ये आकडे आले आणि ते चांगले निघाले, हे खरे. पण दोन महिने थांबून खरे बोलण्यात कसली मर्दुमकी?

खरी माहिती दडवावीच लागते, हा मात्र नवशिक्यांचा गैरसमज आहे. ती रीतसर प्रसिद्ध करावी, फक्त ती कोणाच्या कानावर पडणार नाही एवढी काळजी घ्यावी. १७ मे २०२१ रोजी आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले की राष्ट्रीय समितीने लसीकरणानंतरच्या ४९८ गंभीर घटना तपासल्या आणि त्यांपैकी २६ घटना कोविशील्डनंतर रक्ताच्या गुठळ्या झाल्याच्या असू शकतात. हे प्रमाण दहा लाख डोसांमागे ०.६१ इतके होते. लस घेतल्यावर वीस दिवसांत धाप लागली, छातीत दुखले किंवा हातपाय सुजले, तर दवाखाना गाठावा, असेही त्यात म्हटले होते. इतके स्पष्ट, दिलासा देणारे आणि प्रसंगी जीव वाचवणारे निवेदन गावातल्या आरोग्य केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावण्याचा मोह टाळावा. म्हणजे जिची लस आपल्याकडे कोविशील्ड नावाने टोचली गेली त्या ॲस्ट्राझेनेका कंपनीने ब्रिटनच्या न्यायालयात हाच अतिदुर्मिळ धोका मान्य केल्याची बातमी २०२४ मध्ये येते, तेव्हा तीन वर्षांची शिळी माहिती लोकांना काल उघडकीस आलेल्या कटासारखी ताजी वाटते.

आपण लसविरोधी गोटातले असाल, तर आपले निम्मे काम वरील मंडळींनी केलेलेच आहे. आपण फक्त २६ म्हणावे आणि दहा लाखांचा उल्लेख करू नये.

आता राहिला प्रश्न खरोखरच काही अघटित घडले तर काय करावे याचा. अशा वेळी कारण शोधण्याआधी माणूस शोधावा. १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी, मुंबईच्या परळ येथील प्रयोगशाळेतून आलेल्या प्लेगच्या लसीच्या एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता, म्हणजे जंतू गावातच शिरले असावेत, ही साक्ष उपलब्ध असूनही ठपका प्रयोगशाळेवर ठेवला गेला आणि ही लस तयार करून प्रथम स्वतःला टोचून घेणाऱ्या, प्रयोगशाळेचे प्रमुख हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. शास्त्रज्ञांनी जाहीर पत्रे लिहून सरकारला भंडावल्यावर, १९०७ मध्ये त्यांच्यावरील किटाळ दूर झाले. पुढे १९२५ मध्ये त्याच प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. तेव्हा दिलगिरीच्या जागी पाटी लावण्याची सोयही आपल्याला उपलब्ध आहे.