झाडातून पडतंय ते तीर्थ नव्हे

“रणरणत्या उन्हात झाड पाऊस पाडतंय! रंकाळ्याकाठचा चमत्कार! रात्री प्यालेलं पाणी झाड दुपारी परत देतं. चव गोड. बाटलीत भरा, डोळ्यांना लावा.” कोल्हापुरातल्या ग्रुपांवर व्हिडिओसकट हे फिरतंय.

‘दुपारी परत देतं’: झाड पाणी सोडतं, पण वाफेच्या रूपात. पानांच्या कडेला थेंब येतात ते जमीन ओली आणि हवा दमट असताना, रात्री नाहीतर पहाटे. एप्रिलच्या भर दुपारी नव्हे.

मग थेंब कसले? फांदीवर तुडतुडे किंवा फेसकिडे आहेत का बघा. त्यांतले काही मुळांकडून वर चढणारा रस पितात. तो जवळजवळ पाणीच, पोषण नावाला. पोट भरायचं तर ढोसत राहायचं आणि तेवढंच मागून सोडायचं. अमेरिकेतला काचपंखी तुडतुडा दिवसाला स्वतःच्या वजनाच्या ३०० पटीपर्यंत पाणी टाकतो. १९९९ च्या सुमारास तो ताहिती बेटावर पोचला. तिथं त्याला शत्रू नव्हता, मग काय, फोफावला. झाडांखालून जाणारी माणसं भिजू लागली. लोकांनी नाव ठेवलं ‘मुतरी माशी’. बाटल्या घेऊन कुणी धावलं नाही!

‘चव गोड’: चाखणाऱ्याच्या धाडसाला सलाम. गोड आणि चिकट असेल तर रस पिणारे वेगळे, पानात तयार झालेल्या साखरेवर जगणारे. मोहराच्या दिवसांत आंब्याखाली लावलेली गाडी चिकट होते, ती त्यांच्यामुळेच. आणि डोळ्यांना किड्यांची विष्ठा लावायची नसते, एवढं तरी ऐका.

अर्थात दर वेळी किडेच असतील असं नाही. २०२४ मध्ये पिंपरीत गुलमोहराच्या खोडातून पाणी वाहतंय म्हणून लोकांनी हार-फुलं वाहिली. खाली पाण्याची पाइप फुटलेली निघाली.

याच व्हिडिओखाली दुसरी टोकाची आरोळी: “परदेशी कीड आलीय, औषध मारा, झाड तोडा!” अहो, थेंब दिसले म्हणून कीड परदेशी ठरत नाही; झाडावरून थेंब गाळायला इथलेच किडे पुरेसे आहेत. आणि जिथं कीड खरोखर परकी होती, त्या ताहितीतही झाडं तोडून प्रश्न सुटला नाही. २००५ मध्ये एक मित्रकीटक सोडला, गांधीलमाशीची इवलीशी लांबची नातेवाईक. ती तुडतुड्याच्या अंड्यांत आपली अंडी घालते. तुडतुडे ९० टक्क्यांहून अधिक घटले.

थेंबांचा त्रासच होत असेल तर गाडी दुसरीकडं लावा.