भाडेकरू असा पारखावा

अभिनंदन! हिंजवडीत दुसरा फ्लॅट झाला, म्हणजे आता तुम्ही घरमालक. हप्ता तुमच्या नावावर आणि भरणार दुसराच कोणी, अशी ही गोड व्यवस्था. तेव्हा हा दुसरा कोणी नीट पारखून घ्यायला हवा.

पारखणी दारातच सुरू करा. चपला ओळीत काढल्या तर माणूस सरळ. मग आडनाव. आडनावावरून अंदाज आला नाही तर मूळ गाव विचारा. तेवढ्यानंही भागलं नाही तर ‘तुमच्याकडे श्रावण पाळतात ना?’ असं हळूच सोडून बघा. लग्न झालेलं असावं, मुलं शक्यतो अजून व्हायची असावीत. मुलगी एकटी राहणार असेल तर मित्र किती आणि ते किती वाजता जातात, हे तिच्या वडिलांना फोन करून विचारावं. शेवटी अंडं. ‘खात नाही’ म्हणाला तरी ‘बाहेरून मागवूनसुद्धा नाही?’ हा उपप्रश्न विसरू नका.

पगाराची स्लिप मात्र मागू नका, बरं दिसत नाही. आधीच्या घरमालकालाही फोन करू नका, उगाच खरं सांगायचा. भाडेकरूची माहिती पोलिसांना ऑनलाइन कळवायची असते म्हणे. पण अंड्यापर्यंत चौकशी झाल्यावर पोलीस आणखी काय शोधणार?

आता कायदा. त्यातलं एकच वाक्य पाठ करायचं: ‘अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही.’ सोसायटीच्या बाकावर बसणारे सगळे हेच सांगतात, आणि ते सगळे निवृत्त अधिकारी आहेत. १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला सक्ती नाही, हे खरंच आहे. पुढे महाराष्ट्रानं स्वतःचा भाडे नियंत्रण कायदा केला, १९९९ चा, ३१ मार्च २००० पासून लागू. त्याच्या कलम ५५ मध्ये करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि तो नोंदवायची जबाबदारी घरमालकाची, असं लिहिलंय. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ही बातमी बाकापर्यंत यायला पंचवीस वर्षं कमीच पडली.

शिवाय खर्च बघा! वीस हजार भाडं, साठ हजार डिपॉझिट, अकरा महिने. मुद्रांक शुल्क पाव टक्का, म्हणजे साधारण साडेपाचशे. शहरात नोंदणी फी हजार. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो, त्याचे वेगळे. एवढा पैसा कुठून आणायचा? (फ्लॅट नव्वद लाखांचा आहे, पण ते वेगळं.) त्यापेक्षा स्टॅम्प पेपर घ्यावा, कोर्टाबाहेरच्या टेबलावर नोटरीचा शिक्का मारावा. शिक्का गोल असतो, लाल असतो, बघून धीर येतो.

मीही असाच धीर धरला. पठ्ठ्याच्या चपला ओळीत होत्या. मुदत संपल्यावर ‘घर सोड’ म्हणालो, तर म्हणाला, ‘काका, आपलं पाच वर्षांचं ठरलं होतं. आणि भाडं बारा हजार.’ वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं, खोटं आहे हे तुम्ही सिद्ध करायचं. हेही कलम ५५ च. नोंदवलेला लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरल्या मुदतीपुरता राहायच्या परवान्याचा करार, असता तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता आलं असतं आणि मुदतीनंतर अडून बसल्याबद्दल दुप्पट दरानं भरपाई मागता आली असती. असता तर.

मग बाकावरचा दुसरा सल्ला ऐकला, पाणी तोडलं. कलम २९ वाचायचं राहून गेलं होतं. घरमालकानं पाणी, वीज तोडणं हाच गुन्हा, असं त्यात आहे. भाडेकरूनं ते वाचलेलं होतं. संध्याकाळी मीच जाऊन कॉक उघडून आलो. त्यानं चहा केला. चांगला करतो.

माझी पारख चुकली असं मात्र कोणी म्हणू नये. तो अंडं खरोखरच खात नाही. शेजारच्या ऑम्लेटच्या वासाबद्दल त्यानं मला लेखी तक्रार पाठवली आहे. रजिस्टर पोस्टानं.