सजगतेसाठी मन रिकामे करावे लागत नाही

सजगतेविषयीचा, म्हणजे या क्षणी जे चालू आहे त्याचे भान ठेवण्याच्या सरावाविषयीचा (माइंडफुलनेस) एक संदेश सध्या घरोघरीच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरतो आहे. मन पूर्ण विचारशून्य करावे, त्यासाठी रोज पहाटे तासभर पद्मासनात बसावे, मग 21 दिवसांत मेंदूची रचनाच बदलते आणि गोळ्यांची गरज उरत नाही, असे त्यात ठामपणे म्हटले आहे. पहिले विधान वाचून पुष्कळ जण सुरुवातीलाच हात टेकतात आणि शेवटचे वाचून काही जण औषध सोडतात, म्हणून ही विधाने तपासणे मला आवश्यक वाटते.

विचार थांबवणे हे सजगतेचे उद्दिष्टच नाही. मूळ पाली शब्द 'सति' आहे आणि त्याचा अर्थ स्मरण, भान असा होतो. मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी 2010 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना दिवसभरात अधूनमधून फोनवरून विचारले, तेव्हा जवळपास 47 टक्के वेळा त्यांचे मन हातातल्या कामावर नव्हते. मन भरकटणारच, ते भरकटल्याचे ध्यानात येणे आणि त्याला परत आणणे, हाच सराव आहे. दहा मिनिटांत ते वीस वेळा पळाले आणि वीस वेळा परत आणले, तर सराव वीस वेळा घडला.

पद्मासनाची अटही निराधार आहे. सजगतेविषयीचा बुद्धाचा उपदेश असलेल्या सतिपट्ठान सुत्तात श्वासाबरोबरच चालणे, हातपाय आखडणे-पसरणे, खाणे-पिणे, इतकेच काय, मलमूत्रविसर्जनही भान ठेवून करायला सांगितले आहे. माझ्या आईला गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही, त्यामुळे तो संदेश वाचून "आपल्याला काही हे जमायचं नाही," असे ती म्हणाली. तीच आई ओट्यापाशी उभी राहून भाकरी करते. थापताना कडेला आली की तिच्या बोटांचा दाब हलका होतो, भाकरी तव्यावर पडताच वरून पाण्याचा हात फिरतो आणि ते पाणी सुकायच्या बेताला ती उलटली जाते; जरा उशीर झाला तर तडे जातात आणि भाकरी फुगत नाही. अर्थात सवयीचा हात चालू आणि मन भलतीकडे, असेही रोज घडतेच. म्हणून मी तिला सुचवले की पहिल्या भाकरीपुरते पिठाच्या ओलाव्याकडे आणि तव्याच्या धगीकडे लक्ष ठेवावे, मन गेलेच तर ते बोटांवर आणावे. आता ती तसे करते.

21 दिवसांच्या आकड्याबद्दल थोडक्यात सांगतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले. विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांना तर, 2022 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सजगतेच्या आठ आठवड्यांच्या प्रशिक्षणानंतरही मेंदूच्या रचनेत बदल आढळला नाही.

गोळ्यांविषयीचे विधान मात्र धोक्याचे आहे. 2014 साली 47 चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात ध्यानाच्या कार्यक्रमांमुळे चिंता, नैराश्य आणि वेदना काही प्रमाणात कमी झाल्याचे दिसले, पण औषधे किंवा व्यायाम यांपेक्षा ते सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. रक्तदाबाची गोळी बंद केल्यावर दाब कोणतेही लक्षण न दाखवता चढू शकतो आणि नैराश्यावरची कित्येक औषधे एकदम थांबवल्यास त्रास होतो, म्हणून ती डॉक्टर टप्प्याटप्प्याने कमी करतात. ज्यांनी हा संदेश वाचून गोळी थांबवली असेल, त्यांनी कृपया आजच आपल्या डॉक्टरांना तसे कळवावे.