‘तिथं एक पायरी हलवली नाही’ म्हणे!

बेळगावातल्या ग्रुपांवर आठवडाभर एक फॉरवर्ड फिरतंय: ‘वॉशिंग्टनच्या कॅपिटलमध्ये दोनशे वर्षांत एक पायरी हलवली नाही, आणि आमच्याकडं ब्रिटिश काळातल्या कचेरीला रॅम्प लावायची घाई! हेरिटेजला तो दिव्यांगांचा कायदा लागत नाही. आमचे आजोबा चढायचेच की.’

आधी पायरी. कॅपिटल म्हणजे अमेरिकेच्या संसदेची इमारत. तिच्या सिनेटच्या, म्हणजे वरच्या सभागृहाच्या, बाजूला मोठा जिना होता. १८१४ मध्ये इंग्रजांनी इमारत पेटवली. नंतर वास्तुविशारद लॅट्रोब यांनी तिथं जिना पुन्हा बांधलाच नाही. वरून उजेड आणि हवा उतरावी म्हणून गोल दालन काढलं. त्याच्या १६ खांबांच्या माथ्यावर तंबाखूची पानं-फुलं कोरलीत (निपाणीकरांनी मुद्दाम बघावीत). आज लोक वारसा म्हणून ज्याचे फोटो काढतात, ते जिन्याच्या जागेवर उभं आहे. १८७४ ला लिफ्ट आली. १९५८ ते १९६२ मध्ये पूर्वेची दर्शनी बाजू साडेबत्तीस फूट पुढं नेली. जुनी बाहेरची भिंत आता आतली भिंत झालीय. २००८ पासून तर पाहुणे अंगणाखाली खणलेल्या केंद्रातूनच आत शिरतात.

कायद्याचं म्हणाल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं ४५ वं कलम मुळात आधीपासून उभ्या असलेल्या सार्वजनिक इमारतींसाठीच आहे. जुन्यांना त्यात सूट नाही.

एका बाबतीत मात्र फॉरवर्डवाल्याशी माझं जमतं. घडीव दगडावर सिमेंट ओतून घसरगुंडी करणार असतील, तर मीही आडवा येईन. उतार १:१२ लागतो. जोतं तीन फूट असेल तर रॅम्प छत्तीस फूट, वर वळायला सपाट जागा वेगळी. पुढं मावत नसेल तर बाजूच्या व्हरांड्यातून घ्या, दगड न फोडता, उद्या काढता येईल असा.

आणि आजोबा. चढायचे, खरं आहे. गेल्या उन्हाळ्यात शेताला वारसांची नावं लावायला आईला घेऊन अशाच एका कचेरीत गेलो होतो. चौदा पायऱ्या, मधोमध झिजून वाटीसारख्या झालेल्या, कठडा एकाच बाजूला. ती सहावीवर बसली ती उठेना. कारकून बिचारा रजिस्टर आणि शाईचं पॅड घेऊन खाली आला, तिथंच तिचा अंगठा घेतला. तेवढ्या वेळात वरून उतरणारी माणसं तिला ओलांडून जात होती.