पाल्याची राख कोकणात चालते, नागपुरात नाही

फाल्गुन सरत आला, कडुनिंब गळू लागला की आमच्या ले-आउटमध्ये दरवर्षी तोच मेसेज फिरतो: "वाळला पाला जाळा. राखेचं खत होतं, जंगलातही निसर्ग हेच करतो, शिवाय डास मरतात."

आधी खत. पाल्यातलं नत्र जाळाबरोबर हवेत जातं. मागे उरतो पालाश (पोटॅश), चुना आणि थोडं स्फुरद (फॉस्फरस). ही राख अल्कधर्मी. कोकणातली जांभ्याची माती आम्लधर्मी, तिथे भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, म्हणजे वाफ्यावर पालापाचोळा जाळतात, त्यात तथ्य आहे. आपली काळी माती बेसाल्टची, चुनखडी असलेली, मुळातच अल्कधर्मी. तिच्यात लोह असतं, पण मुळांना ते उचलता येत नाही. काटोलकडच्या संत्र्याच्या बगिच्यात कोवळं पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात, ते बरेचदा यामुळेच. अशा मातीत राख टाकणं म्हणजे आगीत तेल.

न जाळलेला पाला काय करतो? मागच्या रविवारी कंपाउंडजवळचा जुना ढीग उकरला. वर कुरकुरीत, वीतभर खाली ओल. पानांवर बुरशीच्या पांढऱ्या धाग्यांची जाळी, काही पानांच्या नुसत्या शिरा उरलेल्या, बाकीचं किड्यांनी फस्त केलेलं. तळाशी भुरभुरीत काळी माती, भेग एकही नाही. चार हातांवर, जिथे दरवर्षी होळीसारखा पाला पेटतो, तिथे बोट जाईल एवढी भेग. पाला कुजताना निघणारी सेंद्रिय आम्लं मातीत अडकलेलं तेच लोह थोडंथोडं मोकळंही करतात. बुरशीचं हे काम काडेपेटीला जमत नाही.

जंगलाचं म्हणाल, तर आपल्याकडचे वणवे बहुतेक माणसानंच लावलेले. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, तो पसरतो. नंतर कोवळं गवत येतं, खरं आहे. पण उघड्या जमिनीवरची बरीचशी राख पहिल्या जोरदार सरींतच नाल्याला लागते.

राहिले डास. धुरानं ते घटकाभर पळतात, खोकत आपण बसतो. डेंगूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात आठ-दहा दिवसांत तयार होतो. मेसेज पाठवणाऱ्या काकांच्या गच्चीवरचा कुलर मागच्या ऑगस्टमध्ये बंद होता, टाकीत पाणी तसंच. त्यात वळवळणाऱ्या अळ्या मी त्यांनाच बॅटरी धरायला लावून दाखवल्या होत्या.