टायटनवरचे दोघे आणि आमचे सासरे

मे महिन्यात नागपुरात लेखन करायचे म्हणजे कूलरच्या खोलीतच करावे लागते, आणि त्या खोलीत अख्खे घर येऊन बसलेले असते. त्यामुळे शनीच्या टायटन या चंद्रावर घडणारी दोन अट्टल गुन्हेगारांची प्रेमकथा मी सध्या सासऱ्यांच्या देखरेखीखाली लिहीत आहे. सासरे पोलीस खात्यातून निवृत्त झाले आहेत; ही गोष्ट खात्याला ठाऊक आहे, त्यांना अजून पटलेली नाही.

टायटनची निवड मी विचारपूर्वक केली होती. बाहेर पारा ४५ अंशांच्या वर असताना उणे १७९ अंशांविषयी लिहिण्यात एक सुख असते. शिवाय तिथे द्रवरूप मिथेनची तळीच्या तळी आहेत, पण हवेत मोकळा ऑक्सिजन नसल्यामुळे ती पेटत नाहीत. म्हणजे तिथे तस्करी व्हायची ती ऑक्सिजनचीच. माझे दोन्ही नायक याच धंद्यातले. एक तुरुंग फोडून पळालेला, तर दुसऱ्याने स्वतःच्याच टोळीला टोपी घातलेली.

"बिडी पेटत नाही तिथं?" सासऱ्यांनी एवढेच विचारले आणि त्या चंद्राविषयीची त्यांची आस्था तिथेच संपली.

दोघेही पुरुष आहेत यावर ते काय म्हणतील, याची मला धास्ती होती. "त्याचं सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्येच करून टाकलं न बा," ते म्हणाले, "तुम्ही तस्करीचं बोला. हे चोर आहेत का भिशीचे मेंबर? दहाव्या पानावर खरं नाव सांगून राह्यला हा!"

खरे नाव मी खोडले. मग मात्र पंचाईत झाली. माणसाला दिवसाला साधारण ८४० ग्रॅम ऑक्सिजन लागतो. जवळीक वाढावी म्हणून मी दोघांना तुटपुंज्या साठ्यासह एका यानात कोंडले, तर ते आळीपाळीने जागे राहून एकमेकांच्या टाक्यांवर पाळत ठेवू लागले. एकजण झोपण्यापूर्वी दाबमापकाच्या काचेवर, काटा असेल तिथे, खिळ्याने बारीक चरा ओढतो. दुसरा उठल्यावर तो चरा पाहतो, काहीही बोलत नाही, आणि शेजारी आपला चरा ओढतो. माझ्या मते यापेक्षा उत्कट प्रसंग मला साधलेला नाही. सासऱ्यांनी त्यावर "मुद्देमालाची नोंद बरोबर आहे" असा शेरा दिला.

शेवटी गस्तीचे यान येते, आणि जोडीदाराला वाचवण्यासाठी पहिला नायक अधिकाऱ्यासमोर गुन्हा आणि प्रेम या दोहोंची एकाच दमात कबुली देतो. लिहिताना माझे डोळे भरून आले होते.

"पोलिसापुढं दिलेली कबुली पुराव्यात धरत नाही," सासरे म्हणाले. "जुन्या कायद्यातलं कलम २५. मॅजिस्ट्रेट पाहिजे."

मॅजिस्ट्रेट पृथ्वीवर असून संदेश तिथे पोहोचायलाच तासाहून अधिक वेळ लागतो, त्यामुळे उत्तर यायला दोन तासांपेक्षा जास्त वेळ जाईल आणि तोवर ऑक्सिजन संपेल, हे मी त्यांना कागदावर आकृती काढून समजावले. आकृतीकडे त्यांनी बराच वेळ पाहिले.

"दोन तासांत कोर्टाचं उत्तर?" ते म्हणाले. "जावईबापू, विज्ञानकथा आहे म्हणून काहीही लिहून राह्यले का तुम्ही?"