मानव्यविद्या घरी वाचून पुरतील का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

मानव्यविद्यांवरील माझ्या लेखाला आपण परखड आणि सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे, की इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान ज्याला आवडते त्याने ते घरी वाचावे, त्यासाठी विद्यापीठात विभाग आणि जनतेचा पैसा खर्च करण्याचे कारण नाही. या विषयांत कोणत्याच प्रश्नाचा निकाल लागत नाही, ते शिकून नोकऱ्याही मिळत नाहीत. आणि लिनिअर बी ही प्राचीन लिपी उलगडणारा मायकेल व्हेंट्रिस तर वास्तुविशारद होता. व्हेंट्रिसचे उदाहरण आपण दिलेत हे फार बरे झाले, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी त्यातच आहे.

त्या लिपीत ग्रीक भाषेचे एक फार जुने रूप दडलेले आहे हे व्हेंट्रिसने १९५२ मध्ये दाखवले, आणि त्याच्या प्रतिभेविषयी दुमत नाही. पण त्याच्या आधी ब्रुकलिन कॉलेजात अभिजात भाषा शिकवणाऱ्या अ‍ॅलिस कोबर यांनी, एकाही चिन्हाचा उच्चार गृहीत न धरता, शब्दांच्या अखेरची चिन्हे कशी बदलतात एवढेच वर्षानुवर्षे ताडून पाहिले आणि ही भाषा प्रत्यय लावून शब्द चालवते हे दाखवून दिले. येल विद्यापीठातील एमेट बेनेट यांनी कोणती चिन्हे खरोखर वेगळी आणि कोणती एकाच चिन्हाची निरनिराळी वळणे, याची विश्वसनीय यादी केली. उलगडा हाती आल्यावर तो भाषाशास्त्राच्या कसोटीला उतरवण्यासाठी केंब्रिजचे जॉन चॅडविक पुढे आले, कारण प्राचीन ग्रीक महाकवी होमरच्याही काही शतके आधी ग्रीक शब्दांची रूपे कशी असतील हे सांगणारा माणूस केवळ वाचनाच्या हौसेतून तयार होत नाही. कोबर १९५० मध्येच वारल्या आणि त्यांचे नाव या शोधाबरोबर क्वचितच घेतले जाते, याची मला मनापासून खंत वाटते. व्हेंट्रिसला विद्यापीठाची पदवी लागली नाही, हे खरे. विद्यापीठांनी पोसलेले काम मात्र त्याला पावलोपावली लागले.

निकालाचेही याच उदाहरणावरून पाहता येते. १९५३ मध्ये, ग्रीसमधील पायलॉस येथे सापडलेल्या एका मृत्तिकापाटीवर तीन पायांच्या भांड्याचे चित्र होते, आणि त्याच्या शेजारची चिन्हे व्हेंट्रिसच्या पद्धतीने वाचली तेव्हा ‘ति-रि-पो-दे’ असा, तीन पायांच्या भांड्यांसाठीचा ग्रीक शब्द मिळाला. लिपीचा वाद त्यानंतर फार काळ टिकला नाही. म्हणजे या विद्यांत पुरावा असतो, चूक दाखवता येते, आणि वाईट तर्क टाकूनही दिला जातो.

मात्र काही प्रश्न असे पुराव्याने मिटणारे नसतात, आणि माझ्या मते मानव्यविद्यांची खरी गरज तेथेच भासते. प्रयोगशाळेत फलन झालेले पहिले बाळ १९७८ मध्ये जन्मल्यावर ब्रिटनपुढे प्रश्न आला, की शरीराबाहेरच्या मानवी भ्रूणावर संशोधन होऊ द्यावे का, आणि दिले तर किती दिवसांपर्यंत. १९८२ मध्ये नेमलेल्या समितीच्या अध्यक्ष मेरी वॉर्नॉक या तत्त्वज्ञ होत्या. साधारण दोन आठवड्यांच्या सुमारास भ्रूणात आद्यरेषा, म्हणजे शरीराच्या घडणीची पहिली खूण, दिसू लागते, ही माहिती जीवशास्त्राने दिली. पण त्या रेषेला नैतिक वजन का द्यायचे, आणि काहींच्या दृष्टीने भ्रूण आरंभापासून मनुष्य असताना व काहींच्या दृष्टीने तो निव्वळ पेशींचा पुंजका असताना दोघांनाही पाळता येईल असा कायदा कसा लिहायचा, हे सूक्ष्मदर्शकातून दिसणारे नव्हते. समितीतही मतभेद राहिले आणि काही सदस्यांनी संशोधनाविरुद्ध आपले मत स्वतंत्रपणे नोंदवले. १९८४ च्या अहवालाने चौदा दिवसांची मर्यादा सुचवली, १९९० च्या कायद्याने ती स्वीकारली आणि पुढे अनेक देशांनी ती मानली. २०२१ मध्ये मूलपेशी संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत ही मर्यादा शिथिल केल्याने वाद पुन्हा सुरू झाला आहे. परंतु आजचा वाद करणाऱ्यांना शून्यापासून आरंभ करावा लागत नाही, कोणते युक्तिवाद टिकले आणि कोणते कोसळले हे त्यांच्यापुढे आहे. निकाल कायमचा लागला नाही म्हणून हे ज्ञान नव्हे, असे मला म्हणता येत नाही.

नोकऱ्यांच्या मुद्द्यावर मी थोडक्यात लिहितो. ऑस्ट्रेलियाने २०२१ पासून मानव्यविद्यांच्या बऱ्याच अभ्यासक्रमांचे शुल्क दुपटीहून अधिक केले, ते विद्यार्थ्यांनी ‘उपयुक्त’ विषयांकडे वळावे म्हणून. विद्यार्थ्यांची निवड त्याने फारशी बदलली नाही, डोक्यावरचे कर्ज तेवढे वाढले. जपानच्या शिक्षणमंत्र्यांनी २०१५ मध्ये राष्ट्रीय विद्यापीठांना या विद्याशाखा बंद करण्याचा किंवा त्यांची फेररचना करण्याचा विचार करावा असे कळवले, तेव्हा तेथील उद्योगपतींच्या महासंघानेच आम्हाला केवळ तात्काळ कामाला येणारी माणसे नकोत, असे जाहीरपणे सांगितले. तरीही मी या विद्यांचा पुरस्कार पगाराच्या आधारावर करू इच्छित नाही, कारण उद्या पगाराचे आकडे फिरले तर तो पुरस्कारही कोसळेल.

पैसा अपुरा असेल तर काय बंद कराल, असे आपण शेवटी विचारले आहे, आणि प्रश्न रास्त आहे. मी सर्वप्रथम पीएच.डी.च्या जागा कमी करीन, कारण अध्यापकाची पदे भरली जाणार नाहीत हे ठाऊक असूनही तरुणांची उमेदीची वर्षे वापरून घेणे हा अन्याय आहे, आणि या बाबतीत मानव्यविद्यांच्या विभागांचा बचाव मी करणार नाही. घरी लिहून आणायचे निबंध आता यंत्रही लिहून देते, म्हणून त्यांच्या जागी मूळ संहिता समोर ठेवून लहान गटात वाचन आणि तोंडी परीक्षा आणीन. प्रत्येक विद्यापीठात प्रत्येक विभाग हवाच, असाही माझा आग्रह नाही. शेजारच्या दोन-तीन विद्यापीठांनी मिळून एक चांगला विभाग चालवावा. पण विद्यार्थी मोजकेच असलेल्या प्राचीन भाषांच्या आणि हस्तलिखितांच्या अभ्यासाला मी सर्वांत शेवटी हात लावीन, कारण तो शिकवणारा अखेरचा अध्यापक निवृत्त झाल्यावर पुढे पैसा आला, तरी शिकवायला कोणी उरलेले नसते.